पत्रादेवी ते चोर्ला : हद्दीच्या कडेकडेने

शुक्रवार : इन्सुली, बांदा, पत्रादेवी

वन्सं आणि भावोजी कोल्हापुरातून पहाटे निघून आजरा-आंबोलीमार्गे उतरणार होते, म्हणून मी गोव्यातल्या आमच्या डिचोलीहून बांद्यापर्यंत गेले. तशी गरज नव्हती, बांद्यापुढे महामार्गावर चुकायला वाटच नाही. पण भाच्याने आधीच बजावलं होतं, "मामी, या खेपेला कळंगुट-बागा नको. गोव्याची हद्द फिरायची." तो इतिहास शिकतो, बावीस वर्षांचा आहे. हद्द फिरायची तर हद्दीपासून सुरुवात करावी म्हटलं.

बांद्याच्या अलीकडे इन्सुलीला महाराष्ट्राच्या उत्पादन शुल्क खात्याचा तपासणी नाका आहे. येताना तिथे त्यांना कोणी विचारलंही नाही. जाताना विचारतील, तेव्हा जागा नीट बघून ठेवा, एवढं मी फोनवर सांगितलं होतं. भावोजी हसले. "आमच्याकडं काय असतंय ओ वहिनी?" म्हटलं, आत्ता नाही, परतताना असेल.

बांद्यात उसळ-पाव खाताना मी गाडीची कागदपत्रं बघायला मागितली. वन्संना ते जरा लागलं असावं, पण एमएच-०९ पाटीची गाडी गोव्यात थांबवली जाते हे मी रोज बघते. परवाना, आरसी, विमा आणि पीयूसी, चारही चालू हवेत. भावोजींच्या मोबाइलमध्ये सगळ्याचे फोटो होते. फोटो चालत नाही. डिजिलॉकर किंवा एम-परिवहन या अॅपमध्ये दिसणारा कागदच मूळ कागदासारखा धरतात, गॅलरीतला फोटो धरत नाहीत. भाचीने चहा येईपर्यंत त्यांचं डिजिलॉकर उघडून दिलं. पीयूसी तीन आठवड्यांपूर्वी संपलेली निघाली. ती बांद्यातच करून घेतली आणि मग पुढे निघालो.

गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीला गाड्या कडेला लावून हुतात्मा स्मारकापाशी उतरलो. १५ ऑगस्ट १९५५ रोजी इथून निःशस्त्र सत्याग्रही गोव्यात शिरले आणि पोर्तुगीज पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पंजाबातून आलेला करनैलसिंग इथेच पडला. त्यानंतर भारताने नाकेबंदी कडक केली, ती गोवा मुक्त होईपर्यंत, म्हणजे १९ डिसेंबर १९६१ पर्यंत. माझ्या आजेसासूबाईंचं माहेर सावंतवाडीकडचं. त्या वर्षांत माहेरचं माणूस गेल्याची बातमीसुद्धा डिचोलीला आठवड्यांनी पोचायची, असं त्या सांगत. कुठल्या नाक्यावर कोणता कागद लागतो, कोणती वस्तू काढून घेतात, हे त्या पिढीला तोंडपाठ होतं.

आता तिथे फाटक नाही. 'गोवा राज्यात आपले स्वागत आहे' अशी पाटी येते आणि मागे पडते. पलीकडेही मराठी चालते, नोटा त्याच, मोबाइलची रेंजही तीच. म्हणूनच आलेला माणूस धरून चालतो की बाकीचंही तेच असणार. माझ्या पाहण्यात गोव्यात आलेले बहुतेक पाहुणे अडचणीत सापडतात ते याच समजुतीपायी. चोराचिलटांमुळे अडकलेले मी फारच थोडे पाहिलेत.

पेट्रोल मात्र हद्द ओलांडल्यावर भरलं. गोव्यात ते स्वस्त पडतं, हे सांगायला भावोजींना मामी लागली नाही.

शनिवार : केरी आणि तेरेखोल

पेडणे तालुक्यातल्या केरीला सकाळी पोचलो. इथे पाहुण्यांनी आधी एक गोष्ट कानात घालून घ्यावी. गोव्यात केरी एक नाही. समुद्राकाठची ही पेडण्यातली, दुसरी चोर्ला घाटाच्या पायथ्याशी सत्तरीत आणि तिसरी फोंडा तालुक्यात. नकाशाच्या अॅपने एकीऐवजी दुसरीकडे नेलं तर दिवस फुकट जातो, एवढ्यावर ते भागतं. पण अपघात झाला आणि तुम्ही फोनवर नुसतं "केरीला या" म्हणालात, तर रुग्णवाहिका भलत्याच टोकाला निघायची. मी मुलांना घोकून घ्यायला लावलं : ११२ लावला की आधी राज्य सांगायचं, मग तालुका, मग गाव आणि शेवटी जवळची खूण. राज्य आधी अशासाठी की हद्दीवर मोबाइल कधी गोव्याचा टॉवर धरतो, कधी शेजारचा, आणि कॉल त्याप्रमाणे जातो. रुग्णवाहिकेसाठी १०८ दोन्हीकडे आहे, पण दोन्ही राज्यांची यंत्रणा वेगळी.

केरीचा किनारा सुरूच्या झाडांमुळे देखणा आहे आणि देखण्या किनाऱ्यावर माणसं बेसावध होतात. इथे तेरेखोल नदी समुद्राला मिळते. नदीच्या मुखाशी ओहोटीला पाणी समुद्राकडे ओढ घेतं, ते वरून दिसत नाही. उलट जिथे लाटा फुटत नाहीत आणि पाणी शांत वाटतं, तिथूनच बहुतेक वेळा ओढ चाललेली असते. घाटावरच्या पोरांना नदीत, विहिरीत पोहता येतं. त्याच भरवशावर ती समुद्रात उतरतात. विहिरीतलं पाणी तुम्हाला कुठे घेऊन जात नाही, समुद्रातलं नेतं.

भाच्याला पोहायचंच होतं. मग आम्ही आधी निशाणं शोधली. लाल-पिवळं निशाण असेल तेवढ्या टप्प्यात जीवरक्षकांचं लक्ष असतं. लाल निशाण असेल तिथे पाण्यात उतरायचं नाही. २००८ पासून गोव्याच्या किनाऱ्यांवर 'दृष्टी' या कंपनीचे जीवरक्षक असतात आणि ते शिट्टी वाजवतात तेव्हा गंमत म्हणून वाजवत नाहीत. संध्याकाळी त्यांची पाळी संपते. सूर्यास्त बघून झाल्यावर "एक डुबकी मारून येतो" म्हणणाऱ्याकडे मग कोणाचंच लक्ष नसतं. जून ते सप्टेंबर समुद्रात उतरायचंच नाही. पावसाळ्यात हॉटेलं स्वस्त मिळतात म्हणून येणाऱ्यांना हे पटत नाही.

ओढीत सापडलं तर किनाऱ्याकडे तोंड करून हात मारत बसू नये. दमछाक होते आणि माणूस बुडतो तो दमछाकीने. अंग सैल सोडून तरंगावं, किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या पट्ट्याबाहेर पडावं, मग लाटांबरोबर आत यावं. आणि हात वर करून बोलवावं, लाजू नये. भाचा हे सगळं ऐकून कमरेएवढ्या पाण्यात डुंबला आणि वर आला. वन्संनी तोवर बरोबर आणलेल्या चिवड्याची पिशवी मुठीत चुरगाळून टाकली होती.

एक टोळकं वाळूत बाटल्या मांडून बसलं होतं. २०१९ पासून गोव्यात किनाऱ्यावर आणि पर्यटनस्थळी उघड्यावर दारू पिणं आणि स्वयंपाक करणं, दोन्ही गुन्हे आहेत. टोळक्याला एकट्यापेक्षा जबर दंड. 'गोव्यात सगळं चालतं' हे वाक्य गोव्याबाहेरच जन्मलेलं आहे.

दुपारी फेरीबोटीत गाडी चढवून तेरेखोलला गेलो. भाच्याच्या दृष्टीने सहलीतला हा सर्वांत भारी तुकडा. नदीच्या उत्तर तीरावर हे एकच गाव गोव्याचं, बाकी तिन्ही बाजूंनी महाराष्ट्र आणि समुद्र. किल्ला मूळचा सावंतवाडीच्या खेम सावंत भोसल्यांचा. पोर्तुगीजांनी तो १७४६ मध्ये घेतला. १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींनी इथे तिरंगा लावला होता. आत सेंट अँथनीचं चर्च आहे. बुरुजावरून खाली पेडण्याचा किनारा लांबवर दिसतो, आणि पाठ फिरवली की रेडीचा डोंगर.

तेरेखोलहून रेडीकडे जाताना दोन दुचाक्या रस्त्याकडेला उभ्या होत्या. पुण्याकडची पोरं होती, हरमलला गाड्या भाड्याने घेतलेल्या. पोलिसाने त्यांना थांबवलं होतं आणि काही केल्या त्यांना आपला दोष कळत नव्हता. गाड्यांच्या पाट्या पांढऱ्या होत्या. भाड्याच्या दुचाकीची पाटी काळी असते, वर पिवळी अक्षरं. पांढरी पाटी म्हणजे कोणाची तरी घरची गाडी, ती भाड्याने देणं बेकायदा. स्वस्त मिळते खरी, पण अपघात झाला की विमा कंपनी हात वर करते आणि ज्याने गाडी दिली तो फोन उचलत नाही. काळ्या पाटीची गाडीसुद्धा साधारण गोव्यापुरतीच देतात. हद्द ओलांडायची असेल तर तसं मालकाकडून आधी लिहून घ्यावं. गाडी ताब्यात घेताना चारी बाजूंनी व्हिडिओ काढावा, ओरखडे दिसतील असा. आणि मूळ आधारकार्ड किंवा परवाना गहाण म्हणून कोणाकडे ठेवू नये. परवाना त्याच्याकडे राहिला तर रस्त्यात पोलिसाला काय दाखवणार?

रात्री मुलांच्या हट्टाने मांद्र्यात एका घरगुती निवासात राहिलो. प्रत्येकाचं ओळखपत्र मागितलं. आधारची प्रत द्यायचीच तर शेवटचे चारच अंक दिसणारी, झाकलेल्या क्रमांकाची द्यावी. ती आधारच्या संकेतस्थळावर मिळते.

रविवार : दोडामार्ग

आज फारसं काही केलं नाही. दोडामार्गला हद्द बाजारातूनच जाते म्हणावं इतकी जवळ आहे, आणि गोव्याच्या बाजूला दारूची दुकानं एकाला एक लागून. ती तिथे का आहेत हे सांगायला नको. तिळारी धरण बघून दुपारी डिचोलीला घरी आलो.

वाटेत भाचीने विचारलं, "मामी, या जंगलात हत्ती खरंच आहेत?" आहेत. दोडामार्ग तालुक्यात कर्नाटकातून आलेले रानटी हत्ती गेली अनेक वर्षं बागायती तुडवतायत. २०२५ च्या सप्टेंबरात त्यांच्यातला ओंकार नावाचा टस्कर थेट पेडण्यात उतरला होता. सगळी हद्द त्याने कुठलाही कागद न दाखवता ओलांडली. तो दिसला म्हणून व्हिडिओ काढायला धावणारी माणसं मात्र होती. हत्ती रस्त्यात असेल तर गाडी लांब थांबवावी, हॉर्न वाजवू नये, दिवे उघडझाप करू नयेत, मागे जाता येईल तितकं मागे जावं.

हत्तीपेक्षा मला इथे गोचिडाची भीती जास्त. माकडताप, म्हणजे क्यासनूर जंगलातला ताप, कर्नाटकात १९५७ मध्ये पहिल्यांदा सापडला. २०१५-१६ च्या सुमारास तो सत्तरीत आणि दोडामार्गातही पोचला. तीन राज्यांचं जंगल एकच, रोगाला हद्द कुठली! आजारी किंवा मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचिडांपासून माणसाला होतो आणि हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत त्याचा जोर असतो, म्हणजे नेमका पर्यटनाचा मोसम. जंगलात शिरताना पूर्ण बाह्या, विजार मोज्यात खोचलेली, पालापाचोळ्यावर बसायचं नाही, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ आणि अंग तपासणं. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवावं. आणि सहलीहून परतल्यावर आठवड्याभरात जोराचा ताप आला, तर डॉक्टरला 'या जंगलात जाऊन आलो' हे आपणहून सांगावं. इचलकरंजीच्या किंवा सांगलीच्या डॉक्टरच्या मनात माकडताप आपसूक कसा येणार?

दवाखान्याचा विषय निघालाच म्हणून : बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय, आमच्याकडे ज्याला सगळे गोमेकॉ म्हणतात, तिथे सिंधुदुर्गातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या येतात. २०१८ पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना तिथे शुल्क लागतं. तेव्हा आरोग्य विम्याचं कार्ड घरच्या कपाटात ठेवून फिरू नये.

सोमवार : चोर्ला

सकाळी लवकर निघू नका, असं मीच म्हटलं. जानेवारीत चोर्ला घाटात सकाळी धुकं असतं आणि वळणावर समोरून येणारा ट्रक दिसतो तेव्हा तो फार जवळ आलेला असतो. नऊनंतर निघालो. सत्तरीतली केरी, अंजुणे धरण, मग चढ. डोंगर चढताना गोवा संपतो, महाराष्ट्राचा एक कोपरा लागतो, आणि कणकुंबीकडे कर्नाटक. तासाभरात तीन राज्यं. मध्ये मोबाइलला रेंज जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून घेतलेला बरा. आणि घरी कोणाला तरी सांगून ठेवावं की अमुक वाजेपर्यंत पलीकडे पोचल्याचा फोन येईल. नाही आला तर त्याने काय करायचं, हेही सांगावं. लोक पहिलं सांगतात, दुसरं विसरतात.

वळणावर गाडी थांबवून फोटो काढणारे इथे भरपूर. माकडांना केळी देणारेही. सत्तरीतली गोचीड आणि माकडताप ऐकल्यावर आमच्या गाडीतल्या कोणाला केळी द्यावीशी वाटली नाहीत.

भावोजींना पुढे बेळगावात जाऊन कुंदा घ्यायचा होता. मी आधी बातम्या बघितल्या, आणि हे मी दर वेळी करते. सीमाप्रश्न हा आपल्यासाठी वर्तमानपत्रातला विषय असला तरी महाराष्ट्राच्या पाटीच्या गाडीसाठी तो कधी कधी रस्त्यावर येतो. ६ डिसेंबर २०२२ ला हिरेबागेवाडीच्या टोल नाक्याजवळ महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली, त्यानंतर दोन्हीकडच्या एसटी बंद ठेवाव्या लागल्या. बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असेल तेव्हा, किंवा १ नोव्हेंबरला, तिकडे राज्योत्सव आणि मराठी माणसांचा काळा दिवस एकाच तारखेला येतात तेव्हा, विनाकारण गाडी घालू नये. बाकी दिवशी बेळगाव आपलंच वाटतं, खानावळीत मराठी चालते, दुकानदार "या, बसा" म्हणतो. वाद दिसला तर बाजू घेऊ नये, मोबाइल काढून चित्रीकरण करू नये, गाडी वळवावी. भावोजींना हे पटलं नाही. "आपल्या भाषेसाठी बोलायचं बी नाय?" बोलावं की. पण कुटुंब गाडीत बसवून, परक्या चौकात, झेंडे बघून नव्हे.

त्या दिवशी सगळं शांत होतं. कुंदा मिळाला. अंधार पडायच्या आत घाट उतरलो.

मंगळवार : कुळे

दूधसागर धबधबा. त्याच्याविषयी लिहिण्यासारखं सगळं लिहून झालंय, म्हणून कामाचं तेवढंच. कुळ्याहून अधिकृत जीपने जायचं, जीपवाला लाइफ जॅकेट देतो ते पाण्यात उतरताना अंगात हवं, हातात नको. पावसाळ्यात जीप बंद असतात. त्या दिवसांत हौशी लोक कर्नाटकातल्या कॅसलरॉकच्या बाजूने रूळ धरून चालत येतात. रुळांवरून चालणं हा रेल्वे कायद्याच्या १४७ कलमाखाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. घाटात बोगदे आहेत आणि बोगद्यात गाडी आली तर बाजूला व्हायला जागा नसते. जुलै २०२३ मध्ये असे शेकडो लोक अडवले गेले आणि काहींना रुळाशेजारी उठाबशा काढाव्या लागल्या. ते व्हिडिओ भाच्याने पाहिले होते. तेव्हा त्याचे दोन मित्र त्या उठाबशांत होते, हे त्याने आज पहिल्यांदा आईसमोर सांगितलं. वन्संनी कुळ्याच्या टपरीवरचा चहा अर्धा टाकला.

बुधवार : पुन्हा इन्सुली

निघायच्या आदल्या रात्री मूळ विषय निघाला. भावोजींना मित्रांसाठी काजूची फेणी न्यायची होती. २००९ मध्ये फेणीला भौगोलिक मानांकन मिळालंय, वस्तू अस्सल गोव्याची, मित्रांनी मागितली तर चूक काय? चूक काही नाही, फक्त ती गोव्यात प्यावी. गोव्याच्या बाटलीवर ती गोव्यातच विकायची असल्याचं छापलेलं असतं, कर कमी म्हणून ती स्वस्त. ती महाराष्ट्रात नेली की १९४९ च्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्याचा गुन्हा होतो, आणि दुकानदाराने दिलेली पावती हा महाराष्ट्राचा परवाना नव्हे. दुकानात "एक-दोन बाटल्यांना काही होत नाही" असं सांगणारा माणूस इन्सुलीला तुमच्याबरोबर नसतो. माल तर जातोच, गाडीही जप्त होऊ शकते.

वयाचंही तसंच. गोव्यात दारूसाठी एकवीस वर्षं पुरतात. महाराष्ट्रात कडक दारूसाठी पंचवीस लागतात. म्हणजे आमचा भाचा पत्रादेवीच्या अलीकडे सज्ञान आणि पलीकडे अजून तीन वर्षं कच्चा. त्याला यात फार मोठा अन्याय दिसला. आणि पिऊन गाडी चालवणं दोन्हीकडे सारखंच : रक्तात १०० मिलीलिटरला ३० मिलिग्रॅमच्या वर दारू सापडली की पहिल्याच वेळी दहा हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

शेवटी डिकीत काजूगर, कोकम, सुकी सुंगटं, म्हणजे सुकी कोळंबी, आणि माझ्या सासूबाईंनी दिलेली आमसुलं गेली. मी पत्रादेवीपर्यंत मागून गेले. तिथे चहाच्या टपरीवर एक गृहस्थ भावोजींच्या खिडकीशी आला. अगदी सभ्य, पांढरा सदरा. "सावंतवाडीला चाललायत ना? हे एवढं खोकं बांद्याच्या स्टँडवर माझ्या भावाला द्या. औषधं आहेत, एसटी चुकली." भावोजी घेणार होते, कोल्हापूरकर माणूस, नाही म्हणायची सवय नाही. वन्संनीच काच अर्ध्यावर धरली आणि म्हणाल्या, "औषधं असतील तर तुम्हीच बसा गाडीत खोकं घेऊन. सोडतो बांद्याला." गृहस्थ म्हणाला, मला इथेच काम आहे. मग बोलणं तिथेच संपलं.

तासाभराने फोन आला. इन्सुलीला थांबवलं, डिकी उघडायला लावली, सगळ्या पिशव्या बाहेर काढल्या. सुकी सुंगटं उघडल्यावर मात्र तपासणारा मुलगा दोन पावलं मागे सरला आणि हातानेच जा म्हणाला. आता आंबोलीत वडा खायला थांबलेत. भाचा विचारतोय, पुढच्या खेपेला पोळे-काणकोणच्या बाजूने कारवारला उतरायचं का. म्हटलं, ये. आधी पीयूसीची तारीख बघून ये.